पनामा कालवा: जहाज डोंगरावर कसं चढवलं

पनामा कालव्याचा नकाशा पाहिला की दोन महासागरांच्या मधे एक लांबलचक चर खणलाय असं वाटतं. प्रत्यक्षात अटलांटिककडून आलेलं जहाज आधी तीन पायऱ्या चढून २६ मीटर वर जातं. तिथून गातून नावाचा गोड्या पाण्याचा प्रचंड तलाव पार करतं, डोंगर कापून केलेल्या खिंडीतून पुढे सरकतं आणि पलीकडे पुन्हा तीन पायऱ्या उतरून पॅसिफिकला लागतं. साधारण ८० किलोमीटरच्या या वाटेत समुद्राचं पाणी फक्त दोन टोकांना आहे. मधलं सगळं पावसाचं पाणी, अडवून धरलेलं.

एवढी एक गोष्ट नीट समजली की या कालव्याचा सगळा इतिहास उलगडायला लागतो. फ्रेंचांचे हात का पोळले, अमेरिकेला ते कसं जमलं आणि शंभर वर्षांनंतरही पाऊस कमी पडला की जहाजांची रांग का लागते, या सगळ्याचं मूळ तिथेच आहे.

मध्य अमेरिकेची जमीन पनामापाशी अगदी चिंचोळी होते. १५१३ मध्ये बाल्बोआ हा स्पॅनिश सरदार ती पायी ओलांडून पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोहोचला आणि तेव्हापासून इथून जलमार्ग काढायची कल्पना लोकांच्या डोक्यात होती. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर घाई वाढली. १८५५ मध्ये इथे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारी रेल्वे सुरू झाली. ती बांधताना हजारो मजूर रोगराईने मेले. पण जहाजातून माल उतरवा, गाडीत भरा, पलीकडे पुन्हा जहाजात चढवा, यात वेळही जाई आणि पैसाही. जहाज थेट न्यायचं तर दक्षिण अमेरिकेचं टोक गाठून वळसा घालावा लागे. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना हा वळसा जवळपास तेरा हजार किलोमीटरचा भुर्दंड होता.

अशा वेळी फर्डिनांड द लेसेप्स पुढे आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा पूर्ण करून दाखवणारा माणूस, फ्रान्समध्ये देवासारखा मान. तो इंजिनियर नव्हता. मुत्सद्दी होता, पैसा उभा करण्यात आणि माणसं जोडण्यात तरबेज. सुएझला जमीन सपाट, हवा कोरडी, कालवा समुद्राच्या पातळीला, जहाजं चढवायची-उतरवायची भानगड नाही. पनामालाही तसाच कालवा काढायचा, हे त्याने आधीच मनात पक्कं केलं होतं. १८७९ मध्ये पॅरिसला यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता.

त्या परिषदेत गोदँ द लेपिने नावाच्या फ्रेंच इंजिनियरने वेगळी योजना मांडली. त्याचं म्हणणं असं की डोंगर समुद्राच्या पातळीपर्यंत कापायचा हट्ट सोडा. चाग्रेस नदीवर धरण बांधा, वर तलाव तयार करा आणि जहाज पायऱ्यापायऱ्यांनी त्या तलावात चढवा. आज आपण जो कालवा पाहतो तो मूळ कल्पनेत हाच. मतदान झालं आणि लेसेप्सची योजना मंजूर झाली. सगळ्या इतिहासातला हा मला सर्वांत जास्त हळहळ लावणारा क्षण आहे. बरोबर उत्तर त्याच दालनात, त्याच दिवसांत, कागदावर मांडलेलं होतं.

समुद्रपातळीचा कालवा इथे का शक्य नव्हता? पहिली अडचण चाग्रेस नदी. पनामाच्या अटलांटिक बाजूला वर्षाला तीन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि ही नदी एका दिवसात कित्येक मीटर चढते. कालव्याच्या आखणीला ती अनेक ठिकाणी आडवी जात होती आणि तिचं पात्र नियोजित कालव्याच्या पाण्याहून बरंच उंचावर होतं. म्हणजे पावसाळ्यात अख्खी पुराची नदी धबधब्यासारखी कालव्यात कोसळणार. दुसरी अडचण भरती-ओहोटीची. पॅसिफिकच्या बाजूला समुद्र सहा मीटरपर्यंत चढतो-उतरतो, कॅरिबियन म्हणजे अटलांटिकच्या बाजूला अर्धा मीटरसुद्धा नाही. त्यामुळे एका टोकाला तरी लॉक, म्हणजे जहाज चढवण्या-उतरवण्याचा दरवाजांचा हौद, लागणारच होतं.

तिसरी अडचण कुलेब्राचा डोंगर. उंचीने तो फार नाही, खिंडीजवळ शंभरेक मीटर. घोळ त्याच्या पोटात होता. कठीण दगडाच्या खाली आणि मधेमधे मऊ चिकणमातीचे आणि शेल नावाच्या ठिसूळ खडकाचे थर. कोरडे असेतो ते उभे राहायचे. पाऊस मुरला की निसरडे होऊन वरचा सगळा भार घेऊन खाली यायचे. दरड कोसळू नये म्हणून काठ आणखी तिरका कापायचा, म्हणजे आणखी माती हलवायची, आणि तिरका काठही पुढच्या पावसात घसरायचा. खोली जितकी वाढवाल तितकी रुंदी कितीतरी पटींनी वाढते, हा हिशेब फ्रेंचांच्या अंदाजपत्रकात कधी बसलाच नाही.

१८८१ मध्ये काम सुरू झालं आणि त्याबरोबर मरणाचं सत्र. पीतज्वर आणि हिवताप डासांमुळे पसरतात हे तेव्हा माहीत नव्हतं. घाणेरडी हवा, दमट मातीतून निघणारी वाफ, बाहेरख्याली जीवन, अशी कारणं सांगितली जात. फ्रेंचांनी आंकोनच्या टेकडीवर उत्तम रुग्णालय बांधलं होतं. मुंग्या पलंगावर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवलेले असत. बागेतली झाडं मुंग्यांनी खाऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवतीही पाण्याची मातीची भांडी. खिडक्यांना जाळ्या नाहीत. पीतज्वराचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. म्हणजे पाय मोडला म्हणून दाखल झालेला माणूस तिथे पीतज्वराने मरत होता आणि शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींना आपण काय चुकतोय हे कळायला मार्ग नव्हता.

ज्यूल दँगलेर हा मुख्य अभियंता १८८३ मध्ये कुटुंबासह आला. दोन वर्षांच्या आत त्याची मुलगी, मुलगा आणि बायको तिघंही गेली. फ्रेंच काळात एकूण सुमारे बावीस हजार माणसं मेली असा अंदाज नंतर केला गेला. बहुतेक जमैका आणि आसपासच्या बेटांवरचे कृष्णवर्णीय मजूर. दवाखान्यापर्यंत न पोहोचलेल्यांची नोंदच नव्हती, म्हणून तो अंदाजच राहिला.

शेवटी लेसेप्सनेही लॉकचा पर्याय मान्य केला आणि ते बांधण्यासाठी गुस्ताव आयफेलला बोलावलं, पण तोवर तिजोरी रिकामी झाली होती. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. आठ लाखांच्या आसपास फ्रेंच लोकांचे पैसे गेले. त्यांत छोटे दुकानदार होते, विधवा होत्या, आयुष्यभराची पुंजी लावलेले लोक होते. पुढे खासदारांना आणि वृत्तपत्रांना चारलेल्या लाचेची प्रकरणं बाहेर आली आणि फ्रान्सचं राजकारण हादरलं.

पुढचा अध्याय अमेरिकेचा. तो दांडगाईने सुरू होतो. पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत होता. १९०३ मध्ये कोलंबियाच्या सिनेटने अमेरिकेशी झालेला करार नाकारला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पनामाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि कोलंबियाचं सैन्य तिथवर पोहोचू नये म्हणून अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर हजर होती. पंधरा दिवसांत कालव्याचा नवा करार झाला. पनामाच्या वतीने सही केली ती बुनो-वारिया या फ्रेंच माणसाने. तो जुन्या कंपनीचा अभियंता होता आणि त्या कंपनीची मालमत्ता अमेरिकेने विकत घ्यावी म्हणून धडपडत होता. पनामाचं खरं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोहोचलं तेव्हा सह्या नुकत्याच झाल्या होत्या. कालव्याच्या दोन्ही बाजूंची मिळून दहा मैल रुंदीची पट्टी कायमची अमेरिकेच्या ताब्यात गेली. बदल्यात पनामाला एक कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख. फ्रेंच कंपनीला मात्र चार कोटी मिळाले.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हातात घेतलं आणि पहिल्याच वर्षी फ्रेंचांच्याच वाटेने गेली. माती उकरायची घाई, राहायला घरं नाहीत, खायचे हाल, वर पीतज्वराची साथ. अमेरिकी कर्मचारी मिळेल त्या बोटीने परत पळत होते. पहिला मुख्य अभियंता वॉलेस वर्षभरात राजीनामा देऊन गेला.

चित्र पालटलं ते दोन माणसांमुळे. एक डॉक्टर, एक रेल्वेवाला.

डॉक्टर म्हणजे विल्यम गोर्गास. तोवर विज्ञान पुढे गेलं होतं. पीतज्वर डासामुळे होतो हे क्युबाच्या कार्लोस फिन्ले यांनी १८८१ मध्येच सांगितलं होतं. १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केलं. हिवतापाचा दुवा तर भारतातच सापडला. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी दिसले. सिकंदराबादच्या त्या सूक्ष्मदर्शकाखालचं निरीक्षण नसतं तर चाग्रेसच्या दलदलीत कुठे तेल ओतायचं हे कुणाला कळलं नसतं.

गोर्गासने हवाना शहर पीतज्वरातून मोकळं केलं होतं, तरी पनामात वरचे अधिकारी त्याला पैसे द्यायला तयार नव्हते. डासांमागे धावणं त्यांना वेडेपणा वाटायचा. त्याला काढून टाकायचा प्रस्तावही गेला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो फेटाळला. मग मात्र काम झपाट्याने झालं. पनामा सिटीत घरोघरी फटींना कागद चिकटवून गंधकाची धुरी दिली गेली. पिंपं, रांजण, पन्हळी तपासल्या गेल्या. साचलेल्या पाण्यावर तेल सोडलं गेलं. पण माझ्या मते सर्वांत मोठा उपाय नळाचा होता. घरात नळाने पाणी आलं की रांजण भरून ठेवायचं कारण उरत नाही, आणि रांजण नाही तर पीतज्वराच्या डासाला जागा नाही. पनामा सिटीतला पीतज्वराचा शेवटचा मृत्यू नोव्हेंबर १९०५ मधला. हिवताप हटला नाही, कारण त्याचा डास दलदलीत वाढतो आणि दलदल अख्ख्या जंगलात होती, पण तोही बराच आटोक्यात आला.

रेल्वेवाला म्हणजे जॉन स्टीव्हन्स. त्याने आल्या आल्या कुलेब्राचं खोदकाम थांबवलं. आधी घरं, खानावळी, सांडपाण्याची व्यवस्था, गोर्गासला हवी तितकी माणसं. मग रेल्वे. त्याला नेमका प्रश्न कळला होता: डोंगर फोडणं अवघड नाही, फोडलेला डोंगर उचलून न्यायचा कुठे आणि कसा, तिथे सगळं अडतं. मोठं वाफेवरचं खोदयंत्र एका घासात पाच-सहा टनांहून जास्त दगडमाती उचलत असे, पण समोर रिकामी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, उभी नसेल तर ते यंत्र फुकट. म्हणून त्याने जड रूळ टाकले, भरलेल्या गाड्या उतारावरून खाली आणि रिकाम्या वर अशी चाल बसवली. वाघिणींना एकाच बाजूला फळी ठेवली आणि दोन वाघिणींमधल्या फटीवर पोलादी पत्रे टाकले. भराव टाकायच्या जागी गाडी पोहोचली की शेवटच्या वाघिणीवर ठेवलेला तीन टनी नांगर तारेच्या दोरखंडाने पुढे ओढत न्यायचे. वीस वाघिणींची माती दहाएक मिनिटांत बाजूला पडायची. हाताने फावडी मारून तेच काम करायला किती माणसं आणि किती तास लागले असते याचा विचार केला की या साध्या नांगराचं मोल कळतं.

स्टीव्हन्सने आणखी एक मोठं काम केलं. चाग्रेसचा पूर स्वतः पाहिल्यावर त्याने वॉशिंग्टनला जाऊन समुद्रपातळीच्या कालव्याचा नाद सोडायला लावला. १९०६ मध्ये सिनेटने लॉकच्या कालव्याला मंजुरी दिली, तीही ३६ विरुद्ध ३१ अशी. पाच मतांचा फरक. १९०७ मध्ये तो अचानक सोडून गेला आणि लष्करी अभियंता जॉर्ज गोएथल्सने पुढची सात वर्षं काम तडीस नेलं.

आता कालवा चालतो कसा ते पाहू. गातून इथे चाग्रेसवर मातीचं धरण बांधलं. लांबी दोन किलोमीटरहून जास्त, पायथ्याशी जाडी अर्धा मैल. भरावासाठी कुलेब्राच्या खोदकामातला दगड वापरला. जी नदी कालव्याची शत्रू होती, तिचाच पुढे साठा झाला. सव्वाचारशे चौरस किलोमीटरचा तलाव तयार झाला, त्या काळातला जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित. जहाजाला वाटेचा मोठा भाग तलावातून काटायचा असल्याने तिथे कालवा खणावाच लागला नाही, आणि कुलेब्राही समुद्रपातळीपर्यंत कापायची गरज उरली नाही. खिंडीचा तळ समुद्राच्या १२ मीटर वर राहिला.

तलावात चढायची सोय म्हणजे लॉक. काँक्रीटचा ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद हौद समजा, दोन्ही टोकांना दरवाजे. जहाज खालच्या पातळीला आत येतं, मागचे दरवाजे मिटतात, वरच्या हौदातलं पाणी खाली सोडलं जातं, जहाज पाण्याबरोबर वर येतं. पातळी सारखी झाली की पुढचे दरवाजे उघडतात. यात पाणी चढवायला एकही पंप नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जसं आपोआप खालच्या नळाला येतं, तसं तलावाचं पाणी भिंतींतल्या साडेपाच मीटर व्यासाच्या बोगद्यांतून हौदाच्या तळाशी येतं. तळाला ठिकठिकाणी भोकं आहेत, म्हणजे पाणी एका बाजूने लोंढ्यासारखं न घुसता सगळीकडून सारखं वर येतं आणि जहाज हेलकावत नाही. हौद भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

दरवाजांची रचना तर पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पान दोन मीटर जाड, वीस मीटर रुंद, काही पानं पंचवीस मीटर उंच. आतून ती पोकळ आहेत, त्यामुळे पाण्यात बरीचशी तरंगतात आणि बिजागरीवर भार येत नाही. म्हणूनच इतकी अवजड पानं सुरुवातीला जेमतेम ४० अश्वशक्तीच्या मोटरवर हलत होती. मिटल्यावर दोन्ही पानं सरळ रेषेत येत नाहीत. वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून उभी राहतात. पाणी जितकं जोरात रेटेल तितकी ती घट्ट बसतात. लागणारी वीजही गातून धरणाच्या सांडव्याजवळच तयार केली.

इकडे कुलेब्रात खोदकाम चालूच होतं. अमेरिकी काळात एकट्या त्या खिंडीतून साडेसात कोटी घनमीटरच्या आसपास दगडमाती निघाली. दरडींनी त्यांनाही सोडलं नाही. महिन्याभराचं काम एका रात्रीत गाडलं जायचं. कधी खिंडीचा तळच फुगून वर यायचा, कारण दोन्ही काठांचं वजन खालच्या मऊ थरांना मधे दाबायचं. डिसेंबर १९०८ मध्ये बास ओबिस्पोला वीस टनांहून जास्त डायनामाइट वेळेआधीच उडालं आणि वीसहून अधिक माणसं जागीच गेली.

ही माणसं कोण होती हे सांगितल्याशिवाय कालव्याची गोष्ट सांगणं मला अन्यायाचं वाटतं. खोदयंत्रं आणि कार्यालयं गोऱ्या अमेरिकनांकडे होती. सुरुंग भरणं, रूळ सरकवणं, चिखलात उभं राहून माती ओढणं हे बहुतांश बार्बाडोस, जमैका आणि इतर कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीयांनी केलं. एकट्या बार्बाडोसहून जवळजवळ वीस हजार माणसं करारावर आली. मजुरीचे दोन हजेरीपट होते, ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’. सोन्याच्या पटावर अमेरिकन गोरे, चांदीच्या पटावर बाकीचे. पोस्टाची खिडकी वेगळी, दुकान वेगळं, रुग्णालयातला वॉर्ड वेगळा, मुलांची शाळा वेगळी. बिगाऱ्याला तासाला १० सेंट. दहा तासांचा दिवस धरला तर महिन्याला साधारण २६ डॉलर. खोदयंत्र चालवणाऱ्या गोऱ्याला दोनशेहून जास्त. गोऱ्यांच्या घरांना डासांच्या जाळ्या होत्या, चांदीवाल्यांच्या कितीतरी बराकींना नव्हत्या. अंगावरचे ओले कपडे बदलायला दुसरा जोड नसायचा आणि न्यूमोनियाने माणसं जायची. अमेरिकी काळातले अधिकृत मृत्यू ५,६०९. त्यांतले सुमारे साडेचार हजार वेस्ट इंडियन. गोर्गासच्या यशाची गोष्ट खरीच आहे, पण त्या यशाचा वाटा सगळ्यांना सारखा मिळाला नाही.

तलाव भरताना आणि नंतर पट्टी रिकामी करण्याच्या हुकमाने जुन्या रेल्वेकाठची गजबजलेली गावं उठवली गेली. हजारो पनामावासी घरदार सोडून गेले. टेकड्यांचे माथे तेवढे बेटं होऊन उरले. त्यांतलं बारो कोलोराडो बेट आज उष्ण कटिबंधातल्या जंगलांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखलं जातं.

१० ऑक्टोबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमधून तारेचं बटण दाबलं आणि कुलेब्राच्या खिंडीत पाणी शिरू न देणारा गांबोआचा शेवटचा बांध उडाला. १५ ऑगस्ट १९१४ ला ‘आंकोन’ जहाज पार गेलं. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं, त्यामुळे जगाचं फारसं लक्ष गेलं नाही. खर्च ३७ कोटी डॉलरच्या वर. पुढच्याच वर्षी मोठी दरड कोसळून कालवा कित्येक महिने बंद राहिला.

पनामाला आपल्याच देशाच्या मधोमध परकं कुंपण सलत राहिलं. जानेवारी १९६४ मध्ये झेंड्याच्या वादावरून दंगल पेटली, त्यात वीसहून अधिक लोक गेले. १९७७ मध्ये पनामाचे नेते टोरिहोस आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यात करार झाला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाच्या हाती आला. जहाजं वाढत गेली, जुन्या हौदांत मावेनाशी झाली. जनमत घेऊन पनामाने नवे हौद बांधले, ४२७ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. ते २०१६ मध्ये सुरू झाले.

जुन्या हौदांतून एक जहाज आरपार जातं तेव्हा सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. नव्या हौदांशेजारी टाक्या बांधून ६० टक्के पाणी पुन्हा वापरलं जातं, तरी त्यामुळे तलावात खारटपणा शिरण्याचा धोका वाढतो. आणि त्याच गातून तलावातून पनामा सिटी आणि कोलोन या शहरांना प्यायचं पाणी जातं, म्हणजे देशाच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येला. २०२३ मध्ये पाऊस फार कमी झाला. एरवी दिवसाला छत्तीसेक जहाजं जातात, ती वर्षअखेरीस पंचवीसच्या आत आणावी लागली. प्रत्येक जहाजावरचा मालही कमी करायला लावला गेला, कारण तलाव उतरला की तळ लागतो. रांग टाळण्यासाठी काही कंपन्यांनी लिलावात लाखो डॉलर मोजले, काहींनी आफ्रिकेचा वळसा पत्करला. आता पनामा शेजारच्या रिओ इंदिओ नदीवर धरण बांधून तिचं पाणी गातूनमध्ये आणायच्या तयारीत आहे. त्या खोऱ्यातले शेतकरी विरोधात उभे आहेत, कारण या वेळी बुडणार आहेत ती त्यांची गावं.